आधी देणे, मग अर्पण

मराठीत ‘बळी’ या शब्दाला आपण फार राबवून घेतले आहे. शेतकरी म्हणजे बळीराजा, दांडगा म्हणजे कान पिळणारा बळी, आणि एस. टी. व ट्रकची धडक झाली की वर्तमानपत्रात ‘तीन बळी’. महात्मा फुले यांनी तर ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीराजाच्या परंपरेत येशू ख्रिस्ताला नेऊन बसवले. राजा बळी आणि वेदीवरचा बळी यांच्या व्युत्पत्ती एक आहेत की नाहीत, हे आमचे मराठीचे प्राध्यापक सांगतील. परंतु लोकांच्या मनात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या अंगावर सावली टाकतात, एवढे खरे.

हे सुचण्याचे कारण असे की, माझ्या घरी बायबल आहे हे वर्गातील मित्रांना ठाऊक आहे आणि त्यांच्यापैकी एकदोघांनी ते हौसेने वाचायलाही घेतले. उत्पत्ती आणि निर्गम झपाट्याने वाचून झाले. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी गाडी अडली. गोऱ्हा कसा कापावा, चरबी कोणती जाळावी, रक्त वेदीच्या कोणत्या बाजूस शिंपडावे, कबुतराची मान कशी मुरगळावी! मित्रांचा प्रश्न सरळ होता. प्रीतीचा धर्म म्हणून जो सांगता, त्याच्या पवित्र ग्रंथात हा खाटीकखाना कशासाठी? आणि तुम्ही तर काही कापत नाही. मग हे पान फाडून का टाकत नाही?

या प्रश्नाला आमच्या मंडळ्यांतून मिळणारे ठराविक उत्तर मला पाठ आहे. ते असे की, इस्राएल लोकांची ती सर्व अर्पणे म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची छाया होती. ख्रिस्त हा देवाचा कोकरा, तो वधस्तंभावर एकदाच आणि कायमचा अर्पण झाला. छाया सरली, वस्तू आली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा हाच मुख्य सिद्धांत आहे आणि ख्रिस्ती म्हणून मी तो मानतो. पण उत्तर इथेच संपवले, तर लेवीय हे पुस्तक उतरलेल्या पाडासारखे मागे राहते. इमारत उभी राहिली, आता बांबू कशाला हवेत? माझे म्हणणे असे आहे की त्या पाच अर्पणांपैकी निदान एक, ज्याला मराठीत दोषार्पण म्हणतात, ख्रिस्ती माणसाच्या डोक्यावरून अजून उतरलेले नाही. आणि नेमके तेच आमच्या उपदेशांत सर्वांत कमी ऐकू येते.

आधी शब्दाचे पाहू. अर्पणाला हिब्रूत ‘कोर्बान’ म्हणतात. बीडच्या माणसाला हा शब्द परका वाटू नये. बकरी ईदची ‘कुर्बानी’ याच कुळातली आहे. त्याची धातू जवळ येणे या अर्थाची, म्हणजे आपल्या शेजारच्या मोहल्ल्यातील दखनी बोलीतला ‘करीब’ हाही त्याचाच भाऊबंद. तेव्हा कोर्बान म्हणजे मुळात मारणे नव्हे, देवाला लाच देणे तर नव्हेच. कोर्बान म्हणजे जवळ जाणे, आणि जवळ जाताना रिकाम्या हाताने न जाणे. मराठी भाषांतरकारांपुढे हीच अडचण होती. होम म्हटले की यज्ञकुंड आठवते, बळी म्हटले की जत्रा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी पुरे करून १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शब्द साधे असावेत, जुन्या देवळाचा वास त्यांना येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता. संस्कृत कोळून प्यालेली ही बाई संस्कृत शब्दांनाच का भिते, असे वरवर वाटते. पण शब्द आपल्याबरोबर काय काय ओढून आणतो, हे तिच्याइतके त्या काळी कुणाला ठाऊक होते?

लेवीयच्या पहिल्या सात अध्यायांत पाच प्रकारची अर्पणे सांगितली आहेत. होमार्पणात सगळा पशू जाळून टाकायचा, माणसाच्या वाट्याला काही नाही. अन्नार्पण म्हणजे सपिठी, तेल आणि धूप. त्यात खमीर नाही, मध नाही, मीठ मात्र हवेच. ही दोन मी इथे भरभर सोडतो. शांत्यर्पणापाशी मात्र मराठवाड्याच्या माणसाने थांबावे, कारण हा आपल्या ओळखीचा प्रकार आहे. पशूची चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, आणि बाकीचे सगळे अर्पण करणाऱ्याने आपल्या माणसांसह खायचे. उपकारस्तुतीचे असेल तर त्याच दिवशी संपवायचे. नवसाचे असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिसऱ्या दिवशी उरलेले जाळायचे. फ्रिज नसलेल्या मुलुखात एका कुटुंबाने एक गोऱ्हा एका दिवसात कसा संपवावा? चार घरे बोलवावीच लागणार! नियमाने न सांगता पंगत घडवून आणली आहे. आपल्याकडची कंदुरी दुसरे काय असते? दर्ग्यापाशी असो वा देवीपाशी, नवस फेडायला बकरे कापायचे आणि गाव जेवू घालायचे. ईदच्या कुर्बानीचेही तीन वाटे करण्याची रीत आहे: एक घरचा, एक आप्तांचा, एक गरिबांचा.

पशुहत्येचे मी समर्थन करतो आहे, असे कोणी समजू नये. गाडगेबाबांनी गावोगाव झाडू फिरवत कंदुरीविरुद्ध जे सांगितले, ते मला पटते. बकऱ्यासाठी कर्ज काढणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की, लेवीयचे पुस्तक आपल्याला परके नाही. ते वाचायला युरोपातील पंडितांपेक्षा आष्टी-पाटोद्याचा शेतकरी अधिक पात्र आहे. बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणे म्हणजे काय, घरचे जनावर देताना पोटात काय होते, हे त्याला सांगावे लागत नाही. आणि लेवीयमध्ये कापायचे कामही अर्पण करणाऱ्यानेच करायचे असते. याजक रक्त हाताळतो आणि वेदीवर जाळतो. दुसऱ्याला सुरी देऊन आपण मंडपात बसायची सोय नाही.

येथे एक आडवळण घेतो. इस्राएली लोक म्हणजे कुठल्या तरी दूरच्या वाळवंटातले, असे आपल्याला वाटते. पण ते कोकणात शतकानुशतके मराठी बोलत राहिले आहेत. बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. त्यांच्यापैकी बहुतेक १९४८ नंतर इस्राएलला गेले. यरुशलेमचे मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये पाडले, तेव्हापासून यहुद्यांची पशुबळीची वेदी जगात कुठेही नाही. पण बेने इस्राएलांच्या घरी शुभकार्याला किंवा नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो: पोहे, खोबरे, साखर किंवा गूळ, आणि फळे. प्रार्थना म्हणायची आणि ते ताट सर्वांनी वाटून खायचे. नाव शेजारच्या मुसलमानांकडून आलेले, पोहे कोकणातले, प्रार्थना हिब्रू. त्यात पुरातन अन्नार्पणाची खूण पाहणारे आहेत. ती खूण असो वा नसो, रक्तावाचून आणि वेदीवाचून ‘जवळ जाणे’ चालू राहू शकते, हे तर त्यातून दिसतेच. वधस्तंभावाचून या अर्पणांना अर्थच उरत नाही, असे आमचे उपदेशक ठासून सांगतात तेव्हा मला हा मलिदा आठवतो.

आता राहिली दोन, पापार्पण आणि दोषार्पण. पापार्पण हे अजाणता घडलेल्या चुकीसाठी. यात एक गोष्ट अशी आहे की, वाचताना मी पेन्सिलने खूण केली. मुख्य याजक चुकला तर गोऱ्हा. अधिपती चुकला तर बकरा. सामान्य माणूस चुकला तर बकरी किंवा मेंढी. तीही परवडत नसेल तर दोन पारवे किंवा कबुतरे. आणि तेवढीही ऐपत नसेल तर एफाचा दहावा भाग, म्हणजे दोनएक लिटर मापाचे पीठ. जेवढी खुर्ची उंच, तेवढी चूक महाग. आपल्याकडे बरोबर उलटे आहे. रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही, हे इब्री पत्रातले वाक्य घोकणाऱ्यांनी या मूठभर पिठाकडेही पाहावे. तेच पत्र त्याच ठिकाणी ‘बहुतेक’ हा शब्द वापरते. आणि मरिया व योसेफ तान्ह्या येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले, तेव्हा शुद्धीकरणासाठी त्यांनी कोकरू नेले नाही, पक्ष्यांची जोडी नेली, असे लूक नोंदवतो. ज्याला आम्ही देवाचा कोकरा म्हणतो, त्याच्या आईला कोकरू परवडत नव्हते.

(जाता जाता: आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो तो दुसऱ्याच्या पापासाठी मारला जाणारा. प्रायश्चित्ताच्या दिवशी ज्या बकऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापे ठेवीत, तो मात्र कापीत नसत. त्याला जिवंत रानात सोडून देत. कापला जाई तो दुसरा.)

दोषार्पणाचा कायदा लेवीयच्या सहाव्या अध्यायात आहे. ठेव म्हणून सोपवलेली वस्तू एखाद्याने नाकारली, शेजाऱ्याचे काही लुबाडले, त्याला नाडले, किंवा सापडलेली वस्तू शपथेवर लपवली. मग त्याला आपला दोष कळला. त्याने काय करावे? एडका घेऊन वेदीकडे धावावे काय? नाही. आधी मूळ वस्तू परत करायची. तीही तेवढीच नव्हे, वर एक पंचमांश घालून. आणि द्यायची ती मंदिराला नव्हे, ज्याची होती त्याला. अर्पणाच्या दिवशीच त्याच्या हाती द्यायची. त्यानंतर एडका. म्हणजे देवाने आपला नंबर दुसरा लावून घेतला आहे! गणना या पुस्तकात त्याहून पुढे जाऊन म्हटले आहे की, ज्याचे देणे होते तो माणूस नसला आणि त्याचा आप्तही नसला, तरच ते याजकाकडे जावे.

यातील ‘नाडणे’ या अर्थाचे हिब्रू क्रियापद फार बोलके आहे. तेच क्रियापद लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात पुन्हा येते, आणि दोन्हीकडे त्याच्या शेजारी मोलकरी उभा आहे. त्याची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नका, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे, असा आशय. तेव्हा दोषार्पणाच्या कायद्यात मजुरीचा हिशेब आधीपासूनच आहे. मी बीडचा असल्यामुळे तो ओढून आणलेला नाही.

तरी बीडचा आहे म्हणून बोलतो. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची गणती अवजाराच्या नावाने. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ती फेडायची. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड. माझे आजी-आजोबा कोयत्यावर गेलेले आहेत. एका वर्षी हंगाम संपल्यावर त्यांना सांगण्यात आले की अजून उचल फिटलेली नाही. वही मुकादमाची, अक्षर मुकादमाचे, आणि आजोबांना अंक वाचता येत नव्हते. त्याच उन्हाळ्यात त्या मुकादमाने गावात देवाच्या नावाने मोठी पंगत घातली. आजी त्या पंगतीला जेवून आली, आणि स्वयंपाक चांगला होता असे ती अजून सांगते.

२०१९ साली याच जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते एका वेगळ्या कारणाने. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आले की, पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली होती. कारणे अनेक असतील. त्यांत खाड्याची धास्ती होती, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसणे होते, आणि भीती घालून शस्त्रक्रिया करणारे दवाखाने होते. अशा वेळी व्यासपीठावरून ‘मातेचा त्याग’, ‘कष्टाचा यज्ञ’ असली भाषा ऐकली की अंगावर काटा येतो. लेवीय हे पुस्तक कितीही रक्ताळलेले असो, त्यात एक गोष्ट स्वच्छ आहे: जे द्यायचे ते देणाऱ्याचे स्वतःचे असले पाहिजे. दाविदाला वेदीसाठी खळे फुकट देऊ केले होते. जे मला फुकट पडले ते देवाला वाहणार नाही, असे म्हणून त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून खळे आणि बैल विकत घेतले. याच दाविदाने एकदा दुसऱ्याची बायको ओढून आणली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली. ते कोकरू एका श्रीमंताने पाहुण्यासाठी कापले होते. दुसऱ्याच्या कोकराला अर्पण म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

आता आमचे ख्रिस्ती बंधू म्हणतील की हे सर्व नियमशास्त्र झाले, आम्ही कृपेखाली आहोत. ठीक. मग येशूने काय केले ते पाहू. डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो की, वेदीपाशी दान घेऊन उभे असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे दोषार्पणाचेच कलम नव्हे काय? मार्काच्या सातव्या अध्यायात तर तो ‘कोर्बान’ हाच शब्द धरतो. आईबापांना पोसायला लागू नये म्हणून आपला पैसा देवाला वाहिला आहे असे जाहीर करणाऱ्यांना तो ढोंगी म्हणतो. ‘जवळ जाणे’ या अर्थाचा शब्द लोकांनी आईबापांपासून दूर पळायला वापरला! आणि यरीहोचा जकातदार जक्कय? येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहून सांगतो की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. त्यानंतरच येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झाले. पंचमांश सोडा, चौपट. कृपेने हिशेब माफ केला नाही, वाढवला.

आमोस, होशेय, यशया आणि मीखा यांनी अर्पणांविरुद्ध जे आग ओकले, ते वाचून पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात की संदेष्टे कर्मकांडाच्या विरुद्ध होते आणि लेवीयचे याजक कर्मकांडाच्या बाजूचे. मला हा भेद फारसा मान्य नाही. आमोसाला राग येतो तो गरिबाला जोड्याच्या भावाने विकणाऱ्यांच्या होमाचा. म्हणजे सहाव्या अध्यायाचा पूर्वार्ध गाळून उत्तरार्ध पाळणाऱ्यांचा. कुराणातही असा आशय आहे की कुर्बानीचे मांस आणि रक्त अल्लापर्यंत पोचत नाही, पोचते ती निष्ठा. आणि आमच्या वारकरी संतांना तर हे सांगायला लेवीय वाचावे लागले नाही.

मग ख्रिस्ताच्या अर्पणाने बदलले काय? माझ्या समजुतीप्रमाणे एडका बदलला. देवाशी असलेले देणे, जे माणसाला कधीच फेडता आले नसते, ते फिटले. पण मूळ वस्तू आणि तिच्यावरचा पंचमांश हे देवाचे देणे कधी नव्हतेच. ते शेजाऱ्याचे होते, आणि त्याच्या वतीने ते माफ करण्याचा अधिकार माझ्या उपदेशकाला नाही. याकोबाच्या पत्रात शेते कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे लिहिले आहे. ते पत्र वधस्तंभानंतरचे आहे, आधीचे नव्हे. पौल रोमकरांना आपली शरीरे जिवंत बळी म्हणून द्या असे लिहितो. ‘आपली’ हा शब्द मी अधोरेखित करतो, मजुरांची नव्हे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला, आजच्या अहिल्यानगरला, ठाणे टाकले आणि पुढे त्या कामाचे लोण आपल्या सीमेवरच्या गावांपर्यंत आले. त्यातून आमच्याकडे हंगामाचा सण आला. ज्वारीची कणसे, बाजरी, वांगी, अंडी, कोंबडी, एखादे करडू देवळात आणायचे, प्रार्थना करायची आणि मग लिलाव. दहा रुपयांचे अंडे शंभरला जाते आणि मंडळी खूष होते. मला हा सण मनापासून आवडतो. लेवीयच्या अन्नार्पणाचे आणि प्रथमफळाचे याहून सुरेख मराठी रूप मी पाहिलेले नाही. पण मोठी बोली करणाऱ्यांत ज्यांच्या शेतावर सालगडी आहेत, खुरपणीला बाया येतात, असेही लोक आता आमच्यात आहेत. काही शिक्षक आहेत, कंत्राटदार आहेत. आम्ही आता फक्त नाडले गेलेले राहिलेलो नाही, नाडणारेही झालो आहोत, आणि हे ऐकायला आमच्या वडीलधाऱ्यांना आवडत नाही.

म्हणून मी मंडळीच्या पंचांपुढे एक लहानशी सूचना मांडली आहे. सणाच्या आधीच्या रविवारी पाळकांनी लेवीयचा सहावा अध्याय वाचावा आणि ज्यांच्याकडे कोणाची मजुरी, उसनवारी किंवा ठेव थकली असेल, त्यांनी ती वर पंचमांश घालून आठवड्यात फेडावी. पावती दाखवायला नको, नाव जाहीर करायला नको. मग पुढच्या रविवारी लिलावाला यावे. पाळकांनी विचार करू असे म्हटले. एका वृद्ध पंचांनी मात्र थेट विचारले की असे केले तर यंदा लिलावाचे उत्पन्न कमी होणार नाही काय, आणि देवळाच्या पत्र्यांचे काय करायचे? होईल कमी, असे मी म्हटले.